फेब्रुवारी–मार्चमध्ये प्रकाश सापळ्यातले पतंग: मोजायचे कसे, लिहायचे काय?

उतारावरचं_घर (प्रश्न)

नमस्कार. भोर तालुक्यात, साधारण ६०० मीटर उंचीवर घराशेजारी प्रकाश सापळा लावतो आहे. एका बाजूला हरभरा आणि ज्वारी, दुसऱ्या बाजूला करवंदीच्या जाळ्या, दोन उंबर आणि वर सागाचा उतार.

सापळा असा: रंगाची रिकामी २० लिटरची बादली, तोंडावर प्लॅस्टिकचं नरसाळं, त्यावर 'यूव्ही' म्हणून विकत मिळालेली जांभळी एलईडी पट्टी, आत अंड्यांचे चार ट्रे. पट्टी पॉवर बँकेवर चालते. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून नऊ रात्री झाल्या. बहुतेक रात्री तीन-चार पतंग, एका रात्री एकही नाही.

विचारायचं ते असं. परदेशी पुस्तिकांत मार्च म्हणजे हंगामाची सुरुवात असं लिहिलेलं असतं. मग इथे इतके कमी का, सापळ्यात चूक आहे की हंगामच नाही? रात्री बारानंतर आलेला पतंग कोणत्या तारखेला लिहायचा? एकही न आलेली रात्र लिहायची का? सकाळी ट्रेवर नुसते पंख उरलेले दिसतात, ते का? आणि छोट्या मातकट पतंगांची नावं लागत नाहीत, ते सोडून द्यायचे का?

---

पडदा_आणि_दिवा

आधी हंगामाचं बघू. इंग्लंडमध्ये मार्चला सापळा भरतो तो विलोला तुरे येतात आणि थंडीभर कोशात बसलेले पतंग बाहेर पडतात म्हणून. तिथला मार्च म्हणजे थंडीचा शेवट, आपला मार्च म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात. आपल्याकडचे कितीतरी पतंग हा काळ कोशातच काढतात. टसर पतंगाचा कोश पावसाळ्यापर्यंत थांबून राहतो. साग तर आत्ता निष्पर्णच असतो, त्यामुळे त्या उतारावरून आता फार येणार नाही. सागाच्या पानांवर जगणाऱ्यांची गर्दी नवी पालवी फुटल्यावर, पावसाच्या तोंडावर होते. म्हणजे संख्या कमी असणं हीच या दिवसांची खरी नोंद आहे. जुलैच्या आकड्याशी तिची तुलना करू नका.

आत्ता काय अपेक्षित आहे ते तुमच्या आसपासच लिहिलेलं आहे. हरभऱ्यावरून घाटे अळीचा पतंग, रब्बीतल्या भाज्यांवरून कोबीचा चौकटी ठिपक्यांचा पतंग, रोपं कुरतडणारी अॅग्रोटिस, पालक-राजगिऱ्यावरचा स्पोलाडिया. जवळ ऊस असेल तर लहान उसाच्या खोडकिड्याचा पतंग. उंबर आणि पिंपळ या दिवसांत पालवी धरतात, तिथून असोटा. करवंदीवर वाढणारा नेफेले हॉक मॉथही (मोठा, जाड अंगाचा पतंग) दिसू शकतो. म्हणून नोंदीत 'परिसर' या रकान्यात नुसतं 'शेती' लिहू नका. कोणतं पीक उभं आहे, काढणी कधी झाली, कोणत्या झाडाला पालवी किंवा फूल आहे, हे एका ओळीत लिहा. हरभरा काढल्यावर आठवड्याभरात आकडा उतरला तर त्याचं कारण त्याच ओळीत सापडेल.

दुसरं, चंद्र. उजेड्या रात्री सापळा फिका पडतो. यासाठी वेगळं अॅप लागत नाही, भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची, म्हणजे अमावस्येच्या आदली. गुढीपाडवा फाल्गुनी अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी. या दोन सणांच्या आगेमागे काळोखाच्या सगळ्यात चांगल्या रात्री मिळतात, आणि बरोबर मध्ये होळीची पौर्णिमा असते. दिनदर्शिकेत संकष्टीचा चंद्रोदय छापलेला असतो, साधारण नऊ-साडेनऊच्या आसपास. तिथून पुढे चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो. तेव्हा संध्याकाळी सव्वासात ते सव्वादहा असं तीन तास बसायचं असेल, तर वद्य षष्ठीपासून अमावस्येपर्यंत पूर्ण वेळ अंधार मिळतो. अमावस्येनंतर शुद्ध द्वितीयेपर्यंतची कोर लवकर मावळते, तीही चालते. पौर्णिमेला लावूच नका असं मात्र म्हणणार नाही. लावा, आणि तिथी लिहा.

तिसरं, थंडी. फेब्रुवारीत डोंगराच्या पायथ्याला रात्री झपाट्याने गारवा उतरतो, कारण थंड हवा उतारावरून खाली येऊन खोलगट भागात साचते. पारा १२ अंशांच्या खाली गेला की उडणं फार मंदावतं. म्हणून फेब्रुवारीत पहिले तीन तास महत्त्वाचे, नंतरचा बराचसा वेळ रिकामा. सापळा ओढ्याच्या काठी खोलात असेल तर वीस-पंचवीस पावलं वर, वाऱ्याच्या आडोशाला न्या. मार्चमध्ये हे चित्र बदलतं, उत्तररात्रीही पतंग येतात.

आता दिवा. मला तुमची पट्टीच संशयास्पद वाटते. बाजारात 'यूव्ही' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त पट्ट्या बहुतेक ३९५ ते ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या असतात. डोळ्यांना ठळक जांभळ्या दिसतात त्या याच. ३६५ नॅनोमीटरचा एलईडी आपल्याला फिकट आणि मंद दिसतो, पण पतंगाच्या डोळ्याला तो जास्त ठसतो. दुसरा स्वस्त मार्ग म्हणजे हॉटेलात माशा मारायच्या यंत्रात असते ती 'बीएल' (ब्लॅकलाइट) नळी. ८, १० आणि १५ वॅटमध्ये विजेच्या सामानाच्या दुकानात सुटी मिळते, काच दुधी पांढरी असते. पारदर्शक काचेची जंतुनाशक नळी चुकूनही घेऊ नका. ती २५४ नॅनोमीटरची असते, तिने डोळे आणि कातडी भाजते. २०२० नंतर अशा नळ्या दुकानांत फार आल्या आहेत आणि दुकानदार दोन्हींना 'यूव्ही ट्यूब'च म्हणतो.

बॅटरीचा हिशोब: १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. निम्म्याच्या खाली उतरवली तर ती लवकर मरते, म्हणून वापरायला ४२. ८ वॅटची नळी आणि तिचं सर्किट मिळून १० वॅट धरले, तर चार तास. २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-तासांची, हातात येतात साठेक. ५ वॅटच्या एलईडीला रात्रभर पुरेल.

१६० वॅटचा चोक न लागणारा पाऱ्याचा बल्ब पडद्यासाठी (सापळ्याऐवजी दिव्यापाशी टांगलेली पांढरी चादर) उत्तम, पण गावातल्या विजेवर एक त्रास आहे. व्होल्टेज पडलं की तो विझतो आणि गार होईपर्यंत पुन्हा पेटत नाही, त्यात पाच-दहा मिनिटं जातात. तेवढा वेळ नोंदीतून वजा करा. शिवाय हे दिवस वणव्याचे आहेत. बल्ब फार तापतो. खालचं वाळलं गवत दोन मीटर परिघात साफ केल्याशिवाय आणि पाण्याची बादली जवळ ठेवल्याशिवाय तो लावू नये.

---

नोंदवही

तारखेचा नियम सोपा आहे आणि तो मोडू नये. रात्र ज्या संध्याकाळी सुरू झाली ती तारीख. २१ फेब्रुवारीला दिवा लावला आणि २२ ला सकाळी सापळा उघडला, तर सगळे पतंग २१ चे. वहीत शंका नको म्हणून '२१/२२ फेब्रुवारी' असं लिहा. घोटाळा होतो तो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर. तिथे फोटोची वेळ आपोआप घेतली जाते, मग एकाच रात्रीचे पतंग दोन तारखांत विखुरतात. तारीख हाताने बदलू नका, कारण फोटो खरंच त्या वेळी काढलेला आहे. टिपणात 'सापळ्याची रात्र २१/२२' असं घाला. कॅमेऱ्याचं घड्याळ महिन्यातून एकदा फोनशी जुळवा, हे फार जण विसरतात.

शून्याची रात्र लिहायचीच. दिवा चालू होता, वेळ पूर्ण दिला, पतंग आला नाही, ही माहिती आहे. दिवा लावलाच नाही ही दुसरी गोष्ट. बॅटरी मध्येच संपली ही तिसरी. वहीत या तिन्ही रात्री कोऱ्याच राहिल्या तर वर्षभराने त्या ओळखता येणार नाहीत. पहिलीसाठी ०, दुसरीसाठी आडवी रेघ, तिसरीसाठी 'अपूर्ण' आणि दिवा किती वाजेपर्यंत चालला तो अंदाज. या दिवसांत शून्याच्या रात्री येणारच. त्या गाळल्या तर फेब्रुवारी वहीत जितका भरलेला दिसेल तितका तो नसतो.

प्रत्येक रात्रीच्या वर एक मथळा ठेवा: ठिकाण, अक्षांश-रेखांश दशांशात चार घरांपर्यंत (म्हणजे दहा-अकरा मीटरचा नेमकेपणा, त्याहून जास्त लागत नाही), उंची, दिव्याचा प्रकार आणि वॅट, सापळा की पडदा, सुरू-बंद वेळ, सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान, ढग, वारा, तिथी, परिसराची ती एक ओळ. मग खाली प्रत्येक पतंगाला एक ओळ: नाव, संख्या, फोटो क्रमांक, ओळख कोणी पटवली, किती खात्री. वाऱ्यासाठी यंत्र नको. 'पानं हलत नाहीत', 'पानं हलतात', 'फांद्या हलतात' एवढे तीन टप्पे पुरतात.

संख्या मोजण्यात बादली आणि पडदा यांचे नियम वेगळे. बादलीत शिरलेला बहुतेक आतच राहतो, म्हणून सकाळची मोजणी ही खरी मोजणी. पडद्यावर तोच पतंग उडतो, फिरतो, परत बसतो. तिथे दर अर्ध्या तासाला त्या क्षणी बसलेले मोजा आणि प्रत्येक प्रजातीचा सगळ्यात मोठा आकडा ठेवा. सहा फेऱ्यांत २, ३, ५, ४, ४, १ असे दिसले तर नोंद ५, बेरीज १९ नाही.

आणि एक. महिन्याच्या मध्ये दिवा बदललात तर नवं पान सुरू करा. जांभळ्या पट्टीचे आकडे आणि बीएल नळीचे आकडे एका रांगेत ठेवता येणार नाहीत, नाहीतर दिव्यातला फरक तुम्ही ऋतूच्या नावावर मांडाल.

---

करवंदीची_जाळी

नुसते पंख उरतात याची दोन कारणं. पंख ट्रेवर आणि बादलीच्या तळाशी असतील तर मुंग्या. बाहेर जमिनीवर, दिव्याच्या खाली असतील तर पाल किंवा सकाळचे पक्षी. कोतवाल, दयाळ आणि बुलबुल दोन-तीन दिवसांत सापळ्याची जागा शिकतात आणि उजाडताच हजर होतात.

मुंग्यांसाठी बादली स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचा प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर लहान मुंग्या पृष्ठभागावरून चालत जातात. वायर हा विसरला जाणारा पूल. तिच्यावर बोटभर जाडीचा व्हॅसलीनचा पट्टा लावा. मुंग्यांचा खडू अजिबात नको. त्यातलं कीटकनाशक पतंगालाही मारतं आणि ट्रेमध्ये मेलेले पतंग का सापडतात ते मग कळत नाही.

बादलीची रचनाही तपासा. तुमच्या वर्णनात पाती नाहीत. दिव्याभोवती पारदर्शक अॅक्रिलिकची तीन पाती, ३० सेंटीमीटर उंच, १२० अंशांवर उभी करा. पतंग सरळ दिव्यात शिरत नाही. तो पाठ उजेडाकडे ठेवून उडायला बघतो, म्हणून दिव्याभोवती वळत राहतो. पात्याला आपटला की खाली नरसाळ्यात घसरतो. पाती नसतील तर घिरट्या घालून बरेचसे शेजारच्या भिंतीवर नाहीतर गवतात जाऊन बसतात. सापळा उघडण्याआधी चार-पाच मीटर परिघातली भिंत, खांब आणि पानांच्या खालच्या बाजू बघा आणि तिथले पतंग 'सापळ्याबाहेर' म्हणून वेगळे लिहा. नरसाळ्याचं खालचं भोक ४–५ सेंटीमीटरचं हवं. घरगुती तेलाच्या नरसाळ्याची नळी तशीच ठेवली असेल तर हॉक मॉथ आत जाऊच शकत नाही. नळी मुळाशी कापून टाका.

ट्रे कागदी लगद्याचेच घ्या, प्लॅस्टिकवर पाय टिकत नाहीत. आडवे रचू नका, उभे टेकवा. आडव्या थरात वरचा ट्रे उचलला की खालचे सगळे एकदम उडतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ऊन. मार्चमध्ये सकाळी आठनंतर झाकलेली बादली पाहता पाहता भट्टी होते. उजाडायच्या आधी, सहाच्या सुमारास दिवा बंद करून बादलीवर ओलं सुती फडकं टाका आणि तिला सावलीत, शक्यतो घरात, न्या. मग सावकाश एकेक ट्रे काढा. फोटोसाठी हलणारा पतंग झाकणाच्या पारदर्शक डबीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात २० ते ३० मिनिटं ठेवला की शांत होतो. फ्रीझरमध्ये नाही. सोडताना उन्हात उधळून देऊ नका. करवंदीच्या किंवा दुसऱ्या दाट झुडपाच्या आत, जमिनीजवळ ठेवा, किंवा संध्याकाळपर्यंत सावलीत राखून मग सोडा. रोज त्याच झुडपात ठेवलं तर पक्षी तेही शिकतात.

नोंदवहीवाल्यांशी एका बाबतीत माझं जुळत नाही. फेब्रुवारीत रात्रभर बादली लावून ठेवण्यापेक्षा तीन तास पडद्याजवळ बसणं मला बरं वाटतं. पहाटे बादलीत दव धरतं, छोटे पतंग ओल्या भिंतीला चिकटून खवले गमावतात आणि ओळख पटत नाही. मार्चमध्ये हवा कोरडी झाली की बादली. पडद्याला पांढरी सुती दुहेरी चादर, दोन मीटर रुंद, खालची कड जमिनीवर अर्धा मीटर पसरलेली. वाऱ्याने फडफडणाऱ्या पडद्यावर काही टिकत नाही, खालच्या कडेला दगड ठेवा.

---

नोंदवही

दवाबद्दल मान्य. पण महिन्यांची तुलना करायची असेल तर फेब्रुवारीत पडदा आणि मार्चमध्ये बादली हे चालणार नाही. एक पद्धत दोन्ही महिने. दुसरी हवी तर जोडीला, वेगळ्या पानावर. दवासाठी बादलीच्या आतून जुन्या वर्तमानपत्राचं अस्तर लावा, सकाळी बदला.

---

खवले_आणि_नसा

मातकट पतंग सोडून देऊ नका, पण त्यांना जबरदस्तीने नावही देऊ नका. खात्री जिथे संपते तिथे थांबायचं. 'स्कोप्युला, प्रजाती अनिश्चित' अशी वंशाच्या नावावर थांबलेली ही चांगली नोंद आहे. चित्रं चाळून सगळ्यात जवळचं वाटलेलं नाव ही वाईट नोंद, कारण पुढचा माणूस ते खरं धरतो.

फोटो तीन हवेत: वरून सरळ, बाजूने चेहरा आणि पाय दिसतील असा, आणि जमलं तर मागच्या पंखांचा. खाली आलेख कागद ठेवा म्हणजे पंखाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजता येते. पांढऱ्या कागदावर कॅमेरा उजेड कमी करतो आणि करडा पतंग काळा दिसतो, राखाडी पुठ्ठा जास्त बरा. फ्लॅश सरळ मारू नका, खवले चमकून नक्षी पुसली जाते.

तुमच्याकडे या दोन महिन्यांत येणाऱ्यांपैकी काही नुसत्या डोळ्यांनी पटतात. स्पोलाडिया रिकर्व्हॅलिस: गडद तपकिरी, चारही पंखांवरून पांढरा पट्टा. असोटा कॅरिकी: पुढचा पंख तपकिरी, त्यावर एक पांढरा ठिपका, मुळाशी पिवळा-केशरी, मागचा पंख केशरी, काळ्या डागांचा. कोबीचा पतंग प्लुटेला: जेमतेम नखाएवढा, पंख मिटल्यावर पाठीवर फिकट चौकटींची साखळी.

घाटे अळीच्या हेलिकोव्हर्पासाठी मागचा पंख बघायलाच हवा: फिकट, कडेला रुंद काळसर पट्टा, त्यात फिकट डाग. मिटलेल्या पंखांवरून 'हेलिकोव्हर्पा, बहुधा आर्मिजेरा' एवढंच लिहा. शेतात कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नरांना ओढणारे) लावलेले असतील तर त्यांचा आकडा तुमच्या आकड्यात मिसळू नका. त्यात फक्त नर येतात आणि एकाच प्रजातीचे.

फोटोवरून न सुटणाऱ्या जोड्याही आहेत. हॉक मॉथांपैकी हिपोटिऑन रोझेटा आणि बोअरहावी एकत्र लिहा. पांढऱ्यावर लाल-काळे ठिपके असलेला युटेथायसा, त्यातले लोट्रिक्स आणि पुल्केलॉइडिस वेगळे करायला पंखांची वरची नक्षी पुरत नाही, युटेथायसा म्हणूनच ठेवा. पिवळ्यावर काळे ठिपके असलेला दिसला की सगळे कोनोगेथेस पंक्टिफेरॅलिस लिहून मोकळे होतात. तो एक गट आहे. वेलदोड्यावर वाढणारा त्यातला एक पश्चिम घाटातून २०१८ मध्ये वेगळी प्रजाती म्हणून वर्णिला गेला. तुम्ही 'कोनोगेथेस गट' लिहा.

ओळखीसाठी 'मॉथ्स ऑफ इंडिया' संकेतस्थळ बघा, पण फोटोशेजारचा महिना आणि जिल्हाही बघा. ईशान्येतल्या जूनमधल्या फोटोशी भोरचा फेब्रुवारीतला पतंग जुळवताना दोनदा विचार करायला हवा. वनखात्याच्या हद्दीत दिवा लावायचा तर आधी लेखी परवानगी घ्या. घराच्या अंगणात तो प्रश्न येत नाही.

---

उतारावरचं_घर

सगळ्यांचे मनापासून आभार. पाती आणि नरसाळ्याचं भोक, दोन्ही चुका माझ्याच सापळ्यात निघाल्या. एक शेवटचं. झालेल्या नऊ रात्रींत सुरू-बंद वेळ लिहिलेली नाही, तापमान नाही. दिवा साधारण साडेसातला लावत होतो. तसं भरून टाकू का?

---

नोंदवही

नको. 'साधारण साडेसात' हे खुल्या टिपणात लिहा, वेळेच्या रकान्यात नाही. रकान्यात आकडा दिसला की तो घड्याळ पाहून लिहिलेला आहे असंच सगळे समजतात. बंद वेळेच्या जागी 'नोंद नाही'. तापमानासाठी जवळच्या शहराचा आकडा घेऊ नका, तुमच्या उताराच्या पायथ्याला तो लागू पडत नाही.

त्या नऊ रात्रींच्या फोटोंवरच्या वेळा तपासा. दिव्याशेजारी रात्री काढलेला पहिला आणि शेवटचा फोटो मिळाला, तर दिवा निदान त्या दोन वेळांमध्ये चालू होता एवढं ठामपणे लिहिता येतं. मग या नऊ रात्री 'कोणता पतंग कधी दिसला' यासाठी वापरा, संख्येच्या तुलनेसाठी नाही. जुनी पट्टी आणि पात्यांशिवायची बादली असं मथळ्यात लिहून त्यांचं पान बंद करा. दिव्याची नवी नळी, नवी पाती लावली की दुसरं पान. महाशिवरात्रीच्या आसपासच्या काळोख्या रात्री साधता आल्या तर तिथूनच सुरू करा.